हिरे विकले, पैसा कशावर खर्चायचा?

रस्त्यालगतची जमीन विकली गेली की गुंठामंत्र्याच्या दारात आधी स्कॉर्पिओ उभी राहते. पुण्याच्या आसपास हे कुणाला नवं नाही. आफ्रिकेतल्या बोत्सवानाला 1967 साली असंच घबाड लागलं, तेही अख्ख्या देशाला. स्वातंत्र्य मिळून जेमतेम वर्ष झालेलं, डांबरी रस्ता सगळा मिळून सुमारे 12 किलोमीटर, सरकारी खर्चाची तोंडमिळवणी ब्रिटनच्या अनुदानातून. अशात ओरापाला हिरे सापडले.

हिरे सापडणं हा नशिबाचा भाग. कौतुक पुढच्या हिशेबाचं. त्याच वर्षी कायदा करून खनिजांचे हक्क जमातींकडून सरकारकडे आणले गेले. ओरापा होतं अध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच जमातीच्या मुलखात, म्हणजे पाणी आधी स्वतःच्या घरच्यांनी सोडलं. 1975 पर्यंत खाणीत सरकारची भागी निम्मी झाली होती.

अर्थखात्याचं म्हणणं साधं होतं. काढलेला हिरा पुन्हा उगवत नाही, तेव्हा त्याचा पैसा ही कमाई नव्हे, मालमत्तेची विक्री. त्यातून रस्ते, शाळा, दवाखाने उभारा. रोजचा कारभार करांवर चालवा. हे पाळलं जातंय का, ते बघायला एक गुणोत्तर आलं: रोजचा खर्च भागिले खनिजं सोडून मिळणारा महसूल. समजा खर्च 90 आणि महसूल 100, तर उत्तर 0.9, ठीक. खर्च 120 झाला की 1.2, म्हणजे वीस रुपयांचं सोनं मोडून किराणा भरला. उरलेल्या पैशासाठी 1994 मध्ये पुला फंड निघाला. सेत्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस. कलहारीच्या या देशात चलनाचंही नाव तेच.

पण या गणितात एक फट होती. शिक्षण आणि आरोग्यावरचा चालू खर्चही 'गुंतवणूक' धरायचा, असं ठरलेलं. शिक्षकाचा पगार गुंतवणूक आहे, हे मला पटतं. पण मग शाळेचं वीजबिलही गुंतवणुकीतच! आकडा 1 च्या खाली दिसतो, खर्च मात्र दरवर्षी ठरलेला. शिवाय दुसरे उद्योग म्हणावे तसे रुजले नाहीत. निर्यातीत सुमारे 80 टक्के वाटा हिऱ्यांचाच राहिला.

मग प्रयोगशाळेतला हिरा आला. यात आपल्या शेजारचं सुरत आघाडीवर. 2023 मध्ये पंतप्रधान मोदींनी जिल बायडन यांना दिलेला 7.5 कॅरटचा हिरा तसलाच. खाणीतल्या हिऱ्याचे भाव पडले, पगारांचा आकडा पडला नाही, आणि साठवलेल्या पावसाला हात लागला. 2024 मध्ये अर्थव्यवस्था सुमारे 3 टक्क्यांनी आक्रसली. 1966 पासून सत्तेत असलेला पक्ष त्याच वर्षी निवडणूक हरला.

त्याआधी ऑगस्टमध्ये बोत्सवानातल्याच कारोवेच्या खाणीत 2,492 कॅरटचा हिरा निघाला होता, जवळजवळ अर्धा किलो वजनाचा. जगातल्या आजवरच्या सर्वांत मोठ्या हिऱ्यांपैकी एक.