फॉर्म गेलेल्या बॅट्समनसाठी किती थांबायचं? हा वाद आजचा नाहीये

५ जानेवारी २०२५, रविवार. सकाळीच ऑस्ट्रेलियाविरुद्ध सिडनीची टेस्ट हरून सिरीज ३-१ ने हातातून गेलेली आणि दुपारी आमच्याकडे जळगाव जिल्ह्यात यावल साइडला शेतात भरीत पार्टी. पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, बामणोदची वांगी भाजायला टाकलेली, धूर डोळ्यात जातोय, आणि विषय एकच, रोहित शर्मा. त्याआधीच्या ५ इनिंगमध्ये मिळून ३१ रन, कॅप्टन असूनही सिडनीला तो स्वतःच बाहेर बसला. माझा चुलतभाऊ म्हणे, "रन होत नाही तं बसवलंच पाहिजे ना भो, नाव मोठं आहे म्हणून काय झालं." तर आमचे आबा म्हणाले, "याला २०१२ लाच काढला असता तर आज तुम्ही कोणावरून भांडले असते?"

दोघांचंही पटलं मला, म्हणून मग मागचं सगळं आठवत बसलो, ते इथं लिहितोय.

आबा म्हणतात ते २०१२ म्हणजे श्रीलंकेची वनडे सिरीज. रोहितचे स्कोअर ५, ०, ०, ४, ४. पाच इनिंग, १३ रन. तेव्हा त्याला इंटरनॅशनल खेळून पाच वर्षं झाली होती, २०११ च्या वर्ल्ड कपला तर निवडलाच नव्हता, आणि टॅलेंट टॅलेंट म्हणून किती दिवस चालवणार असं गावातला प्रत्येक जण बोलत होता, मी पण बोलत होतो. तरी त्याला टीमच्या आसपास ठेवला. मग जानेवारी २०१३ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध धोनीने त्याला ओपनिंगला पाठवलं, ८३ मारले. त्याच वर्षी बेंगळुरूला ऑस्ट्रेलियाविरुद्ध २०९ आणि पुढच्या वर्षी ईडनवर २६४. लोक म्हणतात संयमाचं फळ मिळालं, पण माझ्या मते नुसता संयम नव्हता तो. त्याची जागा बदलली! मिडल ऑर्डरला अजून वीस मॅच तशाच दिल्या असत्या तर काय झालं असतं, मला शंकाच आहे.

आता मागे जाऊ. १९६९ ला विजय मर्चंट सिलेक्शन कमिटीचे चेअरमन होते आणि नव्या पोरांना संधी द्यायचं त्यांनी ठरवलेलं. कानपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध गुंडाप्पा विश्वनाथची पहिली टेस्ट, पहिल्या इनिंगमध्ये शून्य. कॅप्टन पतौडींनी त्याला धीर दिला आणि दुसऱ्या इनिंगमध्ये त्याने १३७ मारले. बरं, त्याच सिरीजमध्ये चेन्नईला मोहिंदर अमरनाथ पण पहिली टेस्ट खेळला, आणि त्याला दुसरी टेस्ट कधी मिळाली माहितीये? १९७६ ला! म्हणजे एकाच सिरीजमध्ये आलेली दोन पोरं, एकाला शून्यानंतरही आधार आणि दुसऱ्याला सहा वर्षं वाट बघायची.

मोहिंदरवर थोडं जास्त लिहितो, कारण हा सगळा वाद एका माणसात बघायचा तर तो हाच. किती वेळा आत आणि किती वेळा बाहेर. १९८२-८३ मध्ये पाकिस्तानात ५८४ रन, लगेच वेस्ट इंडीजमध्ये त्या भयानक फास्ट बॉलिंगसमोर ५९८. मग १९८३ चा वर्ल्ड कप, सेमीफायनल आणि फायनल दोन्हीत मॅन ऑफ द मॅच. आणि त्यानंतर काही महिन्यातच वेस्ट इंडीजची टीम इकडे आली तर ३ टेस्टच्या ६ इनिंगमध्ये एक रन. बरोबर वाचलंत, एकूण एक, बाकी पाच वेळा शून्य. काढला त्याला. आमचे आबा तेव्हा कॉलेजला होते, शेतात कापूस वेचताना रेडिओ कानाला लावलेला असायचा, ते सांगतात की दर वेळी "अमरनाथ आऊट" ऐकलं की त्यांना घरचंच कोणी आजारी पडल्यासारखं वाटायचं. आणि १९८४ ला लाहोरला भारताला फॉलोऑन मिळालेला असताना, म्हणजे खूप मागे पडल्यामुळे लगेच दुसऱ्यांदा बॅटिंग करावी लागत असताना, याच माणसाने नाबाद १०१ करून टेस्ट वाचवली. वय तेव्हा ३४. काढणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही, एक रन म्हणजे एक रनच, पण दार बंद केलं नाही हे महत्त्वाचं.

दार बंद झाल्याचं उदाहरण पण त्याच वर्षाचं आहे. डिसेंबर १९८४, दिल्ली टेस्ट, इंग्लंडविरुद्ध. कपिल देव आणि संदीप पाटील, दोघं बेजबाबदार शॉट मारून आऊट झाले म्हणून दोघांना पुढच्या टेस्टला बसवलं. कपिल त्यानंतर लगेच परत आला. पाटील परत टेस्ट खेळलाच नाही, आणि १९८१ ला ॲडलेडला १७४ मारलेला बॅट्समन होता तो. पुढे २०१२ ला हाच पाटील सिलेक्शन कमिटीचा चेअरमन झाला आणि रोहितची ती मोहालीची मॅच त्याच्याच काळातली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, काढून टाकलं म्हणजे काय होतं ते त्या खुर्चीतल्या माणसाला माहीत होतं.

विनोद कांबळीचं तर बोलायलाच नको. २२४ आणि २२७ ओळीने, मग वेस्ट इंडीजच्या आखूड बॉलसमोर अडकला आणि १७ टेस्टमध्ये ५४.२० चं ॲव्हरेज असताना २३ व्या वर्षी टेस्ट करिअर संपलं. करुण नायर, २०१६ ला चेन्नईला नाबाद ३०३, पुढच्याच टेस्टला बाहेर, मग ऑस्ट्रेलियाविरुद्ध चार इनिंगमध्ये २६, ०, २३, ५ आणि सुट्टी, ती थेट २०२५ च्या लीड्स टेस्टपर्यंत. आठ वर्षं. याच्या उलट सेहवाग बघा, २००७ ला काढला होता, पण ऑस्ट्रेलिया टूरला कुंबळेने त्याच्यासाठी आग्रह धरला, ॲडलेडला १५१ आणि दोन महिन्यात चेन्नईला ३१९. कोहलीने २०१४ ला इंग्लंडमध्ये १० इनिंगमध्ये १३४ केले तरी त्याला कोणी हात लावला नाही, आणि त्याच वर्षाच्या शेवटी सुरू झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या सिरीजमध्ये त्याने ६९२ काढले.

म्हणजे थांबून फायदा झालाय हे खरं आहे, खोटं नाही. पण कोणासाठी थांबले हे पण बघा ना. बरीच वर्षं कमिटीत प्रत्येक झोनचा एक माणूस असायचा, पाच झोन पाच सिलेक्टर, आणि आपलं महाराष्ट्र वेस्ट झोनमध्ये मुंबई, बडोदा, गुजरात, सौराष्ट्रबरोबर. जळगाव, धुळे, नंदुरबार क्रिकेटमध्ये मुंबईत नाही, पुण्याच्या महाराष्ट्र असोसिएशनमध्ये येतात. त्या महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ ला काठियावाडविरुद्ध पुण्यात नाबाद ४४३ केले, रणजी ट्रॉफीत आजही तोच सगळ्यात मोठा स्कोअर, आणि त्यांना एकही टेस्ट मिळाली नाही. हेमंत कानिटकरांनी १९७४ ला बेंगळुरूला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच इनिंगमध्ये ६५ केले, एकूण टेस्ट किती तर दोन. ह्यांचा फॉर्म जायला वेळच कुठे दिला?

माझं स्पष्ट मत, टॅलेंटवाल्याला थांबा, पण त्याला सांगा किती इनिंग, कोणत्या नंबरवर, आणि नाही झालं तर रणजी ट्रॉफीत किती रन करून परत यायचं. के. एल. राहुलला २०२३ ला दिल्ली टेस्टनंतर बसवलं, त्याच वर्षी डिसेंबरला सेंच्युरियनला त्याने १०१ केले, बसवल्याने त्याचं काही कायमचं नुकसान झालं नाही.

यातलं बरंचसं मी त्या पार्टीतच चुलतभावाला सांगितलं, वांगी सोलता सोलता. तो गप्प ऐकत होता. अंडर-१९ च्या ट्रायलला तो रात्रभर गाडीत बसून गेला होता, पॅड बांधून दुपारपर्यंत उभा, नेटमध्ये बारा बॉल खेळायला मिळाले आणि संध्याकाळी परत निघाला. मला म्हणे, "दादा, माझा त्या दिवशी दहाव्या बॉलपासून हात बसायला लागला होता."