फ्लोरिनशिवाय पेट्रोलची आग विझत नाही?

हा समज १९६०च्या दशकातला. तेव्हा अमेरिकी नौदलाने विकसित केलेला फ्लोरिनयुक्त फेस इंधनावर पाण्याचा पातळ पापुद्रा पसरवी. चाचणीत इंधन म्हणून वापरल्या जाणाऱ्या हेप्टेनचा पृष्ठताण (द्रवाचा पृष्ठभाग आकसून धरणारा ताण) सुमारे २० मिलिन्यूटन प्रति मीटर. फ्लोरिनयुक्त फेसाच्या द्रावणाचा त्याहून कमी, १६-१७. म्हणून पापुद्रा पसरतो. फ्लोरिन नसलेल्या साध्या हायड्रोकार्बन सर्फॅक्टंटचा (साबणासारख्या, पृष्ठताण कमी करणाऱ्या पदार्थाचा) आकडा २५च्या आसपास अडकतो, तिथे पापुद्रा विसरा.

पण आग विझवायला पापुद्रा लागतोच असं नाही. जाड, पाणी धरून ठेवणारा फेस वाफ कोंडतो आणि इंधन थंड करतो. हीथ्रो विमानतळ असाच फ्लोरिनमुक्त फेस वापरतो. अमेरिकी लष्करानेही २०२३च्या जानेवारीत त्यासाठी वेगळं मानक काढलं.

उलट टोकाची समजूतही तितकीच घातक: जुना फेस काढा, नवा ओता, झालं! नवे फेस बहुधा घट्ट असतात. ३ टक्क्यांवर लावलेला प्रपोर्शनर (पाण्यात फेसाचा द्रव ठरलेल्या प्रमाणात मिसळणारं उपकरण) तेवढा द्रव ओढत नाही, मिश्रण पातळ होतं आणि फेसातलं पाणी लवकर गळतं. त्यामुळे प्रपोर्शनर तपासून पुन्हा लावावा लागतो, कधी नोझलही बदलावं लागतं. फवारा थेट इंधनात मारला तर फेसात इंधन मिसळतं आणि तोच पेटतो. तो इंधनाच्या टाकीच्या भिंतीवर आपटून हळू उतरवावा. दोन कंपन्यांचे फेसाचे द्रव एकत्र करू नयेत, गोळे होऊन गाळणी तुंबू शकते. फेसाच्या जुन्या टाकीच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटलेलं फ्लोरिन तर एकदा पाण्याने धुऊन जात नाही. ते पुढे नव्या फेसात उतरत राहतं.