नाशिकच्या वायनरी बघायला येताय? मग निघण्याआधी एवढं वाचून घ्या

नमस्कार मंडळी, आमच्याकडे गाडी बुक केलीत त्याबद्दल मनापासून आभार. फोनवर जवळपास सगळेच पाहुणे तेच प्रश्न विचारतात, कधी यायचं, कुठली वायनरी चांगली, मुलांना आणलं तर चालेल का, म्हणून हे सगळं एकदाच नीट लिहून काढलंय. आणि आमची एक विनंती सुरुवातीलाच सांगतो, वायनरीत पोचल्यावर थेट टेस्टिंगच्या काउंटरवर जाऊ नका, आधी बागेत जा. द्राक्ष कुठून येतं, कोण पिकवतं हे डोळ्यांनी बघितलं की मग ग्लासातली चव वेगळी लागते, हा आमचा पाहुण्यांसोबतचा अनुभव आहे.

कधी यायचं? जानेवारी ते मार्च, दुसरा विचारच करू नका. युरोपात द्राक्षाचा वेल थंडीत झोपतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास माल निघतो, आपल्याकडे बरोबर उलटं आहे, कारण इथे वेल पूर्ण असा झोपतच नाही, आणि पावसाळ्यात फळ धरलं तर सडून जाईल. म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतात. उन्हाळ्यात एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, त्यात पुढच्या फळासाठी काडी तयार होते, आणि पाऊस ओसरला की गोडी छाटणी, तिच्यातून घड येतात. मग थंडीतल्या गार रात्री आणि दिवसाचं स्वच्छ ऊन, यात मण्यात साखर भरते आणि आंबटपणाही टिकून राहतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर आहे ते इथे कामी येतं. पावसाळ्यात आलात तर हिरवंगार दिसेल, धबधबे दिसतील, पण वेलीवर घड नसणार. फोटोसाठी या, द्राक्षांसाठी नको.

आता थोडा इतिहास, कारण बऱ्याच लोकांना वाटतं नाशिकला द्राक्षं वाइनवाल्यांनी आणली. तसं अजिबात नाही. खाण्याच्या द्राक्षांची सुरुवात ओझरला 1925 मध्ये रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी केली असं मानतात, आणि पुढे निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत हा सगळा पट्टा द्राक्षाचा झाला. आजही इथली बहुतेक बाग खाण्याच्या द्राक्षांचीच आहे, थॉमसन, सोनाका, शरद वगैरे, आणि त्यातला बराच माल परदेशात जातो. वाइन नंतर आली. महाराष्ट्रात 80 च्या दशकात पुणे जिल्ह्यात नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडाज कंपनीने फेसाळणारी वाइन काढली होती. नाशिकमध्ये खरी हालचाल झाली ती राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर आले तेव्हा. त्यांनी तिथे आधी आंबा आणि खाण्याची द्राक्षं करून बघितली, मग कॅलिफोर्नियातले वाइनमेकर केरी डॅम्स्की यांच्या मदतीने 1997 मध्ये सॉव्हिन्यों ब्लांक आणि शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांच्या वेली लावल्या. 2000 साली त्यांच्या सुला या वायनरीची पहिली वाइन बाजारात आली. सुला हे नाव त्यांच्या आईच्या, सुलभा या नावावरून आलंय.

2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, एक्साइजमध्ये सवलत दिली, विंचूरला वाइन पार्क काढलं, आणि मग काय, बघता बघता वायनरीच वायनरी. पण हेही सांगितलं पाहिजे की 2008-09 च्या मंदीत मागणी एकदम बसली, टाक्या भरलेल्या राहिल्या, कित्येक वायनरी बंद पडल्या आणि ज्या शेतकऱ्यांनी वाइनची द्राक्षं लावली होती त्यांच्यातल्या अनेकांना बाग उपटून टाकावी लागली. वाइनचं द्राक्ष बाजारात नेऊन विकता येत नाही ना, बिया मोठ्या, साल जाड, मणी बारीक, खायला कोण घेणार. वायनरीने उचललं नाही तर शेतकऱ्याकडे दुसरा रस्ता नाही. टूरवर ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, आम्हाला ती महत्त्वाची वाटते म्हणून इथे लिहिली.

गाडीतून जाताना दोन्ही बागांमधला फरक तुम्हाला स्वतःलाच ओळखता येईल. खाण्याच्या द्राक्षाची बाग मांडवावर किंवा वाय आकाराच्या अँगलवर पसरलेली असते, घड खाली लोंबतात, मणी मोठे लांबट आणि विरळणी केलेले, म्हणजे काही मणी काढून मोकळे केलेले, शिवाय हल्ली बऱ्याच ठिकाणी वरून प्लास्टिकचं आच्छादन दिसेल, अवकाळी पाऊस आणि गारपिटीच्या भीतीने. वाइनची बाग तारांवर उभी, सरळ भिंतीसारखी, घड छोटे आणि गच्च. एखादा मणी खाऊन बघायला मिळाला तर नक्की खा (विचारून हं, स्वतःहून तोडू नका, फवारणी झालेली असू शकते). इतका गोड लागेल की आश्चर्य वाटेल. ही साखरच पुढे यीस्ट खातं आणि तिची अल्कोहोल होते. पांढऱ्या वाइनला रस लगेच सालीपासून वेगळा करून स्टीलच्या टाकीत गार ठेवून आंबवतात, लाल वाइनला साल रसातच ठेवतात, रंग सगळा सालीतून येतो. काळ्या द्राक्षाचा आतला रस बहुतेक वेळा बिनरंगाचाच असतो, हे बघून मुलंसुद्धा खूश होतात.

कुठे जायचं ते सांगतो. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी गंगापूर धरणाची बाजू सोपी पडते, सुला, सोमा, यॉर्क सगळं जवळजवळ आहे. सुलाने 2005 मध्ये टेस्टिंग रूम सुरू केली, टूर व्यवस्थित असते, सीझनमध्ये द्राक्षं पायाने तुडवायचा कार्यक्रमही होतो, पण शनिवार-रविवारी गर्दी प्रचंड, त्यामुळे जमत असेल तर मंगळवार-बुधवार धरा. यॉर्क गुरनानी कुटुंबाने सुरू केली, 2021 पासून ती सुलाकडे आहे, तिथून धरणाचं पाणी दिसतं आणि संध्याकाळ फार छान जाते. मुंबईहून येत असाल आणि शांतता हवी असेल तर इगतपुरी तालुक्यातली व्हॅलोने किंवा सांजेगावची ग्रोव्हर झाम्पा वाटेतच घ्या, आजूबाजूला डोंगर, मुकणे धरणाचा परिसर, गर्दी कमी. आम्हाला विचाराल तर मनापासून इगतपुरीची बाजू सुचवू, तिथे माणसं निवांत बोलतात, प्रश्न विचारता येतात. एका दिवसात दोनपेक्षा जास्त वायनरी करू नका, तिसरीत चव कळत नाही, नुसती धावपळ होते.

उरलेल्या वेळात पांडवलेणी बघाच, चोवीस लेणी आहेत, तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, शिलालेख आहे, सातवाहनांचा इतिहास ज्यावरून कळतो त्यातला हा मोठा पुरावा. सकाळी लवकर चढा, ऊन लागतं. पक्ष्यांची आवड असेल तर निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर, महाराष्ट्रातली पहिली रामसर (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली) पाणथळ जागा, आणि थंडीतले पाहुणे पक्षी आणि द्राक्षाचा सीझन एकाच वेळी येतात हे भाग्यच. त्र्यंबकेश्वर, काळाराम मंदिर, रामकुंड करायचं असेल तर ते सकाळी आणि वायनरी दुपारनंतर, असा दिवस आम्ही लावून देतो. घरातली ज्येष्ठ मंडळी वायनरीत येणार नसतील तर त्यांना सोमेश्वरला सोडून नंतर घेता येतं, जवळच आहे. नाश्त्याला मिसळ, हे वेगळं सांगायला नको. 2027 च्या सिंहस्थात मात्र शहरातले रस्ते, पार्किंग सगळं बदलणार, तेव्हा आधी फोन करूनच तारीख ठरवा.

काही नियम. महाराष्ट्रात वाइनसाठी वय 21 पूर्ण पाहिजे, ओळखपत्र सोबत ठेवा. मुलं बागेत आणि टूरला येऊ शकतात, टेस्टिंगला नाही. 26 जानेवारी आणि 2 ऑक्टोबर ड्राय डे, म्हणजे दारूविक्री बंद असते, लाँग वीकेंड बघून बुकिंग करणारे हमखास इथे फसतात. टेस्टिंगमध्ये प्रत्येक वाइन संपवायलाच पाहिजे असं काही नाही, थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात काही कमीपणा नाही. आणि दोन घोट जरी घेतले तरी स्वतः गाडी चालवू नका, आमचा ड्रायव्हर तेवढ्यासाठीच आहे, तो ड्युटीवर असताना काहीही घेत नाही आणि कृपया त्याला आग्रहही करू नका.

बाटल्या विकत घेतल्यात तर बिल जपून ठेवा, बाटल्या डिकीत उन्हात तापत ठेवू नका, आमच्याकडे थर्माकोलचा बॉक्स असतो, तो मागून घ्या. सुरत-वापीकडून येणाऱ्या पाहुण्यांनी लक्षात ठेवायचं, गुजरातेत दारूबंदी आहे, सापुताऱ्यामार्गे परत जाताना गाडीत एकही बाटली नको, या बाबतीत आम्ही कोणाचंच ऐकत नाही.