प्लेटीमागचे २५ अंश

वरुड-मोर्शीकडं संत्र्याच्या वावरात सौर पंपाच्या प्लेटीखाली वाकून पाहिलं, तर मागं एक लेबल दिसतं. वॅट, व्होल्ट, अँपिअर आणि बारीक अक्षरात एक अट: २५ अंश सेल्सिअस. म्हणजे हे आकडे प्लेटीचं तापमान २५ असतानाचे. मे महिन्यात इथं हवाच ४५ ला टेकते आणि प्लेट ६५ च्या वर तापते. साध्या सिलिकॉन सेलची वीज २५ च्या पुढं दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यानं घटते. म्हणजे ३ एचपीच्या पंपाला लावलेल्या ३,००० वॅटच्या प्लेटांतले पाचशेक वॅट उष्णताच खाते, तेही बागेला ओलिताची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा.

सिलिकॉनची ही खोड आजची नाही. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी पहिला कामाचा सिलिकॉन सेल दाखवला, तेव्हा त्याची कार्यक्षमता, म्हणजे अंगावर पडलेल्या उन्हातला विजेत बदलणारा वाटा, होती ६ टक्के. १९५८ ला तो व्हॅन्गार्ड-१ उपग्रहावर चढला. अवकाशात किंमत कोण विचारतो? तो प्रश्न सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईनं विचारायला लावला. आपल्याकडं साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्सनं १९७७ मध्ये पहिला सेल बनवला.

स्वस्ताई मात्र एका मोठ्या शोधानं आली नाही. सिलिकॉनच्या चकत्या पातळ होत गेल्या, हिऱ्याच्या कणांच्या तारेनं कापल्यामुळं भुशात वाया जाणारं सिलिकॉन घटलं, आणि चीनमध्ये अफाट कारखाने उभे राहिले. ऑस्ट्रेलियात मार्टिन ग्रीन यांच्या गटानं ऐंशीच्या दशकात मांडलेली ‘पर्क’ ही सेलच्या मागच्या बाजूला जादा थर देणारी रचना कारखान्यांत रुळायला तर २०१० नंतरचं दशक उजाडलं. आता येणाऱ्या टॉपकॉन या नव्या जातीच्या सिलिकॉन प्लेटांत तापण्याचा तोटा अंशाला ०.३ टक्क्याच्या आसपास आहे, हेटरोजंक्शन या दुसऱ्या जातीत त्याहून कमी. विदर्भापुरतं बोलायचं तर मला हा आकडा कार्यक्षमतेच्या विक्रमांपेक्षा महत्त्वाचा वाटतो, पण विक्रेत्याच्या तोंडून तो क्वचितच ऐकू येतो.

सध्या गाजावाजा आहे पेरोव्हस्काइटचा, म्हणजे उन्हापासून वीज करणाऱ्या एका वेगळ्या स्फटिकी पदार्थाचा. २००९ मध्ये जपानच्या मियासाका यांच्या गटानं त्यातून ३.८ टक्के कार्यक्षमता मिळवली होती. आज सिलिकॉनवर त्याचा थर देऊन ३४ टक्क्यांच्या पुढं मजल गेली आहे. फक्त, विक्रमाचा तुकडा बहुधा नखाएवढा असतो, आणि ओल व उष्णता या दोन्हींनी तो खराब होतो. सिलिकॉनच्या प्लेटीवर २५ वर्षांची हमी मिळते. पेरोव्हस्काइटला आधी वरुडचा मे आणि मग लगेच जुलै काढून दाखवावा लागेल.