मास्कचा घोळ आणि ‘हवेतून’ हा शब्द

मास्कचा विषय निघाला की सगळे थेट २०२० वर येतात, पण पुणेकरांना मास्क त्याच्या अकरा वर्षं आधीच भेटला होता. ३ ऑगस्ट २००९ ला पुण्यात स्वाईन फ्लूने १४ वर्षांची शाळकरी मुलगी गेली, त्या साथीतला देशातला पहिला मृत्यू, आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत शहर ओळखू येईना. शाळा-कॉलेजं बंद, थिएटरं बंद, महापालिकेच्या साथरोगांच्या हॉस्पिटलपुढे तपासणीसाठी ही लांब रांग आणि मेडिकलवाल्याला विचारायच्या आधीच तो मान हलवायचा, मास्क संपले म्हणून. मी तेव्हा पुण्यातच कॉलेजला होतो. एन-९५ हे नाव आम्ही पहिल्यांदा तेव्हाच ऐकलं, तो ब्लॅकने विकला जात होता, ज्यांना मिळाला नाही त्यांनी रुमालाच्या घड्या करून बांधल्या, आणि मुलींकडे तर गाडीवर बांधायचा स्कार्फ आधीपासून होताच. म्हणजे तोंड झाकायचं हे लोकांना पटायला वेळ लागला नाही. पण एन-९५, निळा-हिरवा सर्जिकल आणि घरचा रुमाल ह्या तिन्ही गोष्टी आमच्या डोक्यात एकच होत्या, ‘मास्क’. हाच गोंधळ पुढे कोरोनात फार महाग पडला असं माझं मत आहे.

जुना इतिहास थोडक्यात सांगतो. १८९७ मध्ये ब्रेस्लाऊला, म्हणजे आताच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफला, एका सर्जनने ऑपरेशन करताना तोंडावर गॉज, म्हणजे जखमेवर बांधायचं विरळ सुती कापड, बांधायला सुरुवात केली, कारण बोलताना उडणाऱ्या थुंकीच्या बारीक थेंबांत जंतू असतात हे तिथल्याच एका संशोधकाने दाखवलं होतं. म्हणजे सर्जिकल मास्क मुळात पेशंटची जखम डॉक्टरपासून वाचवायला आला. घालणाऱ्याला वाचवायला तो वापरला गेला १९१०-११ मध्ये मांचुरियातल्या, म्हणजे ईशान्य चीनमधल्या, फुफ्फुसाच्या प्लेगमध्ये (विषाणू नव्हे, प्लेगचा जंतू, पण पसरायचा श्वासावाटेच). तिथे हार्बिनला एका तरुण डॉक्टरने गॉज आणि कापसाचे जाड मास्क सगळ्यांना बांधायला लावले, एका अनुभवी फ्रेंच डॉक्टरने ते मानलं नाही, बिनमास्कचा पेशंट तपासायला गेला आणि थोड्याच दिवसांत वारला. मग १९१८ चा फ्लू, ज्याला आपल्याकडची जुनी माणसं मानमोडी म्हणायची. त्यात सॅन फ्रान्सिस्कोने मास्कची सक्ती केली, दंड लावला, आणि जानेवारी १९१९ मध्ये तिथे मास्कविरोधी संघटनासुद्धा उभी राहिली.

आता मुख्य भानगड, म्हणजे ‘एअरबोर्न’ हा शब्द.

मराठीत आपण खोकल्यातून पसरलं तरी ‘हवेतून पसरतं’ म्हणतो आणि खोलीत तरंगत राहून पसरलं तरी तेच म्हणतो. डॉक्टरी भाषेत मात्र ह्या दोन वेगळ्या पेट्या होत्या. एक ड्रॉपलेट, म्हणजे आपल्या पेपरांनी ज्यांना कधी तुषार तर कधी शिंतोडे म्हटलं ते, जड, तीन-सहा फुटांत खाली पडणारे. दुसरी पेटी एअरबोर्न, तरंगणारे कण, ज्यात गोवर आणि टीबीसारखे मोजके आजार. दोघांमधली सीमारेषा ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अशी कित्येक वर्षं पुस्तकांत छापलेली होती.

हा ५ चा आकडा आला कुठून? १९३० च्या दशकात अमेरिकेत एका इंजिनिअरने हिशोब मांडला होता की मोठे थेंब सुकायच्या आत जमिनीवर पडतात आणि छोटे हवेतच सुकून तरंगत राहतात, आणि त्याची सीमा साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास होती. पुढे टीबीच्या अभ्यासात कळलं की फुफ्फुसाच्या अगदी तळापर्यंत जायचं तर कण ५ मायक्रॉनपेक्षा बारीक हवा. म्हणजे एक आकडा कण हवेत टिकतो का ह्याचा, दुसरा तो फुफ्फुसात किती खोल जातो ह्याचा, आणि नंतरच्या सरकारी मार्गदर्शनात दोन्हीची सरमिसळ होऊन ५ हीच ‘तरंगण्याची’ सीमा झाली. साधा हिशोब करून बघा, स्थिर हवेत ५ मायक्रॉनचा कण तोंडाच्या उंचीवरून जमिनीवर यायला अर्धा तास लागतो, १०० मायक्रॉनचा पाच-सहा सेकंदांत पडतो. मग १० किंवा २० मायक्रॉनचा कण लगेच खाली पडतो असं कसं म्हणणार? त्यात जुनी भीतीही होती, ‘खराब हवेने रोग होतो’ ही कल्पना मोडून काढायला वैद्यकशास्त्राला खूप झगडावं लागलं होतं, त्यामुळे हवेचं नाव काढलं की तज्ज्ञ बिचकायचे.

ह्या पार्श्वभूमीवर २८ मार्च २०२० ला जगातल्या सगळ्यात मोठ्या आरोग्य संस्थेने, म्हणजे डब्ल्यूएचओने, जाहीर करून टाकलं की कोविड एअरबोर्न नाही, आणि उलट सांगणं म्हणजे चुकीची माहिती. मला आजही ही त्या काळातली सगळ्यात मोठी चूक वाटते. कारण शब्दाला पैसे आणि साठा चिकटलेला होता. एअरबोर्न म्हटलं की प्रत्येक नर्सला, वॉर्डबॉयला एन-९५ द्यायचा, वॉर्डची हवा खेळती ठेवायची, आणि मास्क तर तेव्हा जगात कुठेच पुरेसे नव्हते. तुटवडा आहे असं सरळ सांगितलं असतं तर लोकांनी समजून घेतलं असतं. त्याच महिन्यात, १० मार्चला, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली होती, ६१ जण हजर, त्यातले ५३ आजारी पडले, दोघं गेले. प्रत्येकाच्या तोंडावर शिंतोडे उडाले असतील असं कोण म्हणेल?

जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिलं, तरी त्या संस्थेच्या माहितीत लांबवर हवेतून पसरण्याची सरळ नोंद व्हायला एप्रिल २०२१ उजाडला. तोवर आपली दुसरी लाट आली होती.

मधल्या काळात मास्क आला तो शिंतोड्यांच्या हिशोबाने. मुंबईत ८ एप्रिल २०२० ला सार्वजनिक ठिकाणी मास्क सक्तीचा झाला, कापडी चालेल, घरचा चालेल. माझ्या आईने जुन्या सुती साडीचे तीन पदरी मास्क शिवून अख्ख्या बिल्डिंगला वाटले, रोज धुवायचे, दोरीवर क्लिपा लावून वाळत घालायचे. पुढचं थुंकीचं पाणी ते अडवायचे, पण नाकाच्या दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी फट, आणि तरंगणारा कण तिथूनच आत येतो. एन-९५ मध्ये जाळी बारीक असतेच, पण खरी कमाल असते त्यातल्या धाग्यांवरच्या विद्युतभाराची, आणि साबणाने धुतला की तो भार जातो. काहींनी व्हॉल्व्हवाले घेतले, त्यातून सोडलेला श्वास न गाळता बाहेर पडतो, त्यावर केंद्राने जुलै २०२० मध्ये राज्यांना पत्र पाठवलं. ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राने किंमती बांधून दिल्या, एन-९५ १९ ते ४९ रुपये, तीन पदरी ३-४ रुपये. दंड मात्र मास्क आहे की नाही एवढंच बघून व्हायचा, मुंबईत २०० रुपये, कुठला आहे आणि नीट बसलाय का हे कोण बघतंय?

मास्कचे मोठे अभ्यास वाचताना हेच लक्षात ठेवावं लागतं. डेन्मार्कमध्ये सर्जिकल मास्क घालणाऱ्यांत १.८ टक्के आणि न घालणाऱ्यांत २.१ टक्के लोकांना लागण झाली, फरक ठामपणे सिद्ध झाला नाही, पण त्यात फक्त घालणाऱ्याचा बचाव मोजला होता. बांगलादेशात ६०० गावांच्या अभ्यासात साधारण निम्म्या गावांत मास्क फुकट वाटून, समजावून वापर १३ टक्क्यांवरून ४२ वर नेला, तर सर्जिकल मास्कच्या गावांत लक्षणांसह झालेला कोविड सुमारे ११ टक्क्यांनी कमी, साठीच्या पुढच्यांत सुमारे ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा फायदा तितका स्पष्ट दिसला नाही. आणि लक्षात घ्या, निम्म्याहून जास्त लोक तेव्हाही बिनमास्कचेच होते.

राज्यातली सक्ती २०२२ च्या गुढीपाडव्याला उठली. शब्दाचा निकाल त्यानंतर दोन वर्षांनी लागला. एप्रिल २०२४ मध्ये त्याच जागतिक संस्थेने नवीन परिभाषा आणली, ५ मायक्रॉनची रेघ काढून टाकली, आता लहान-मोठे सगळे ‘संसर्गजन्य श्वसनकण’ आणि जवळून असो वा लांबून, प्रसार ‘हवेतून’. म्हणजे आपण मराठीत आधीपासून म्हणत होतो तसंच. कोणी कुठला मास्क कुठे घालायचा, हे मात्र त्यात ठरवलेलं नाही.