‘पर्यावरणपूरक’ म्हणजे नक्की काय? सोलापूरची ई-बस आणि पोस्टमनची सायकल

टांगे कधी गेले, सिटी बस कशी रोडावली आणि सहाआसनी रिक्षांनी प्रवासी कसे उचलले, हे सोलापूरकराला नव्याने सांगायला नको. मागच्या दशकात केंद्राच्या नागरी योजनेतून बस आल्या, चेसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, तडे गेल्याचा वाद झाला आणि कितीतरी गाड्या डेपोतच गंजत उभ्या राहिल्या. ई-बसच्या नव्या करारात बस कंत्राटदाराची असते आणि महापालिका धावलेल्या किलोमीटरचे पैसे देते. ही पद्धत इथे अनेकांना का पटली, ते या अनुभवावरून कळते.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १०,००० ई-बसची योजना मंजूर केली. २०११ च्या जनगणनेनुसार ३ लाखांपेक्षा जास्त वस्तीची शहरे त्यासाठी पात्र होती. सोलापूरची वस्ती साडेनऊ लाखांच्या घरात, त्यामुळे इथल्या वाट्याला १०० गाड्या मंजूर झाल्या.

घोळ आहे तो ‘पर्यावरणपूरक’ या शब्दाचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने बॅटरीवर, इथेनॉलवर आणि मिथेनॉलवर चालणाऱ्या वाहतुकीच्या वाहनांना परमिटमधून सूट दिली. म्हणजे ज्याच्या नळकांड्यातून धूर निघतच नाही ते वाहन आणि ज्यात इंधन जळतेच ते, दोन्ही एकाच ओळीत बसवली. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात इथेनॉलला विरोध करणारा शोधून सापडणार नाही, म्हणून या ओळीवर इथे कुणी बोट ठेवले नाही. बॅटरीचे गणितही सरळ नाही. ज्या ग्रीडवर बस चार्ज होते, त्याच ग्रीडला सोलापूरजवळच्या फताटेवाडीचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्प कोळसा जाळून वीज पुरवतो, तोही उजनी धरणाचे पाणी पिऊन. धूर शहरातल्या ‘सात रस्ता’ चौकातून हलून प्रकल्पाजवळच्या होटगीच्या अंगाला जातो, एवढेच.

शिवाय सोलापूरचे दुखणे मुख्यतः धुळीचे. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेची मर्यादा न पाळणाऱ्या शहरांत सोलापूर आले. पीएम १० या बारीक धूलिकणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, आणि रस्त्याच्या कडेची माती उडवायला इंजिन कोणते हे चाक विचारत नाही. बॅटरीमुळे ई-बस तर आणखी जड. तिचा खरा फायदा मोटारसायकली कमी झाल्या तरच, आणि त्यासाठी ती भरलेली धावली पाहिजे.

टपालाकडे पाहिले की हा शब्द अधिकच गंमतीचा वाटतो. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या खटखटाटात, गल्लीच्या तोंडाशी सायकल भिंतीला टेकवून, खाकी पिशवी खांद्यावर घेऊन पोस्टमन आत शिरायचा. त्याच्या वाहनाला तेव्हा कुणी पर्यावरणपूरक म्हटले नाही. सातव्या वेतन आयोगाने तर सायकल भत्ताच रद्द करायची शिफारस केली. २०१७ मध्ये सरकारने ती मानली नाही. पोस्टमन आणि रेल्वेच्या ट्रॅकमनसाठी भत्ता ठेवला आणि महिना ९० रुपयांचा १८० केला. पुढे पार्सले वाढली, पिशवी जड झाली. आता पोस्टमन बहुतेकदा स्वतःच्या पेट्रोलच्या दुचाकीवर येतो.