वनमाला

वनमाला : (२३ मे १९१५ – २९ मे २००७). मराठी व हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री. मूळ नाव सुशीला पवार. जन्म ग्वाल्हेर संस्थानातील उज्जैनचा, शिक्षण ग्वाल्हेरचे आणि अखेरचा श्वासही तिथलाच. १९४० च्या दशकात त्या नायिका म्हणून गाजल्या. पण मराठी माणसाला त्या आठवतात त्या ‘श्यामची आई’ (१९५३) मधील आईच्या चरित्रभूमिकेसाठी.

वडील कर्नल बापूराव पवार ग्वाल्हेर संस्थानात वरिष्ठ अधिकारी होते. दौलतराव शिंद्यांच्या छावणीभोवती वसलेल्या लष्कर भागात सरदार, मानकरी, कारकून, पुराणिक आणि गवई अशा मराठी कुटुंबांच्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत होत्या. या घरांत माजघरात मराठी, वाड्याबाहेर पडले की हिंदी आणि दरबाराशी संबंध आला की उर्दूच्या वळणाची अदबशीर हिंदुस्थानी, असा तीन भाषांचा वावर असे. मुलींनी शिकावे, पण पडदा आणि कुळाचा मान सांभाळून, अशी रीत होती. वनमालाबाई या वातावरणातून पदवीपर्यंत शिकल्या. त्या पिढीतल्या सरदार घराण्यातील मुलीसाठी ही मोठीच मजल होती. पुढे त्या पुण्याला आल्या आणि शाळेत शिकवू लागल्या. चित्रपटांचा रस्ता त्यांना पुण्यातच सापडला. आचार्य प्र. के. अत्रे यांच्या कथेवरील ‘लपंडाव’ (१९४०) हा त्यांचा सुरुवातीचा चित्रपट. मुलीने सिनेमात काम करणे घरी मुळीच रुचले नव्हते, आणि हा दुरावा त्यांना बराच काळ सोसावा लागला.

१९४१ हे वर्ष त्यांच्या कारकिर्दीत मोठे ठरले. गजानन जागीरदार दिग्दर्शित ‘पायाची दासी’ मध्ये दुर्गा खोटे यांच्या खाष्ट सासूसमोर त्यांनी सून उभी केली. हा चित्रपट ‘चरणों की दासी’ या नावाने हिंदीतही निघाला. त्याच वर्षी सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनचा ‘सिकंदर’ आला. सिकंदर पृथ्वीराज कपूर, पोरस स्वतः मोदी आणि सिकंदरची इराणी प्रेयसी रुखसाना वनमालाबाई. हिंदुस्थानात येऊन राखीची चाल समजून घेणारी, पोरसच्या मनगटावर राखी बांधून सिकंदरच्या जिवाचे वचन मिळवणारी ही रुखसाना. पंडित सुदर्शन यांचे संवाद भारदस्त, समोरचे दोन्ही नट रंगभूमीच्या खणखणीत आवाजाचे. या दोघांच्या मध्ये उभे राहून आवाज न चढवता आपले म्हणणे मांडायचे, हे काम सोपे नव्हते. ते जमले त्यात ग्वाल्हेरचा वाटा आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मुंबई-पुण्याच्या अनेक मराठी नट्यांची हिंदी त्या काळात मराठीच्या अंगाने जाई. वनमालाबाईंना ती लहानपणापासून कानावर पडलेली होती.

जागीरदारांच्याच ‘वसंतसेना’ (१९४२) मध्ये त्या मृच्छकटिकातील गणिका झाल्या. व्ही. शांताराम यांच्या ‘पर्बत पे अपना डेरा’ (१९४४) मध्ये त्यांनी उल्हास यांच्यासमोर काम केले. त्यांच्या फिकट घाऱ्या डोळ्यांची त्या दिवसांत फार चर्चा असे. काळ्यापांढऱ्या पडद्यावरही ते वेगळे उठून दिसत.

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकावर अत्र्यांनी ‘श्यामची आई’ काढायचे ठरवले आणि आईसाठी वनमालाबाईंची निवड केली. ही निवड आज सहज वाटते, तेव्हा ती तशी नव्हती. कोकणातल्या गरीब ब्राह्मण घरातली, कर्जात बुडालेल्या संसाराची आई. आणि नटी पडद्यावर सम्राटाची प्रेयसी आणि उज्जयिनीची वसंतसेना म्हणून ओळखीची, वयाने सदतीस वर्षांची, देखणी. त्यांनी नऊवारी लुगड्यात, कपाळावर मोठे कुंकू लावून, कोणताही साज न करता ती आई साकारली. श्याम झालेल्या माधव वझे यांच्याशी त्यांचे वागणे बघावे. आंघोळ झालेल्या पोराच्या ओल्या पायांना माती लागू नये म्हणून ती आपला पदर दगडावर पसरते, आणि पायांना जसा जपतोस तसाच मनालाही जप, असे सांगते. हे वाक्य उपदेशाचे आहे, ते उच्चारताना सूर चढला असता तर प्रसंग कीर्तनात गेला असता. वनमालाबाई ते काम करता करता, खाली वाकलेल्या असताना, रोजच्या बोलण्यासारखे बोलून जातात. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला काठी घेऊन पिटाळणारी आई हीच. मारतानाचा तिचा राग खरा आहे, म्हणून नंतरची मायाही खरी वाटते. मराठी चित्रपटांत सोशिक, सतत डोळे पुसणाऱ्या आया पुढे पुष्कळ आल्या. कडक आईचे प्रेम इतक्या नेमकेपणाने क्वचितच दिसले.

चित्रपटाला वसंत देसाई यांचे संगीत होते. १९५४ मध्ये प्रथमच दिल्या गेलेल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘श्यामची आई’ ला सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. देशातल्या सर्व भाषांतून निवडलेला हा पहिला चित्रपट मराठी होता.

यानंतर वनमालाबाई चित्रपटसृष्टीतून हळूहळू बाजूला झाल्या. भक्तीकडे ओढा वाढला आणि त्यांनी वृंदावनात वास्तव्य केले. तिथे स्वामी हरिदासांच्या नावाने कलासंस्था उभारून मुलामुलींना शास्त्रीय संगीत आणि नृत्य शिकवण्याची सोय केली. हरिदास हे परंपरेने तानसेनाचे गुरू मानले जातात आणि तानसेनाची कबर ग्वाल्हेरला, महंमद गौसांच्या मकबऱ्याच्या आवारात आहे. गाण्याचे हे नाते ग्वाल्हेरच्या मुलीला नवे नव्हते. शंकर पंडित, कृष्णराव पंडित यांच्या घरची ख्यालगायकी लष्करातल्या मराठी वस्तीतच वाढली.

वृद्धापकाळात त्या ग्वाल्हेरला परतल्या. तिथेच वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.